कमरेत वळणारं इंजिन: सॅक्सनीचं '४ के'

जर्मनीच्या सॅक्सनी प्रांतात दऱ्याखोऱ्यांतून जाणारे फक्त ७५० मिलिमीटर रुंदीचे रेल्वेमार्ग आहेत. वळणं इतकी तीव्र की लांब, ताठ इंजिन तिथे अडकायचंच. उपाय? चार-चार चाकांच्या दोन वेगळ्या चौकटी, वर एकच बॉयलर! वळणावर प्रत्येक चौकट स्वतंत्रपणे फिरते. हीच मेयर रचना.

खरी गंमत वाफेची. ती आधी मागच्या चौकटीच्या सिलिंडरांत काम करते आणि दाब उतरला की पुढच्या, मोठ्या सिलिंडरांत. एकाच वाफेकडून दोनदा काम! मात्र हलत्या चौकटींना वाफ पोचवायची म्हणजे लवचिक सांधे आले, आणि सांधे आले की गळती आलीच. फिटरची डोकेदुखी.

केमनिट्झच्या हार्टमान कारखान्यात १८९२ ते १९२१ दरम्यान अशी ९६ इंजिनं बनली. माझ्या मते त्या काळचं हे सर्वांत देखणं छोटं इंजिन.

आणि हो, माथेरानच्या जुन्या वाफेच्या इंजिनांतले सरकणारे क्लीन-लिंडनर आसही सॅक्सनीच्याच रेल्वे अभियंत्यांच्या डोक्यातले!

'४ के' आजही धावतं. जर्मनीत गेलात तर योष्टाट–श्टाइनबाख मार्गावर नक्की बसा, फक्त वाफेच्या फेऱ्यांचं वेळापत्रक आधी बघून घ्या.