व्हेंटिलेटरवरच्या माणसाचे दात घासताना

हात धुऊन, हातमोजे चढवून सिस्टर पलंगाशी आल्या आणि तोंडाकडे वळण्याआधी त्यांनी पलंगाचं डोकं वर घेतलं. रुग्ण घसरत खाली येतो, कोन कमी होतो, आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही. ३० अंशांच्या खाली जाऊ द्यायचं नाही, असा त्या आयसीयूचा नियम. मग त्या रुग्णाच्या कानाशी वाकून म्हणाल्या, “काका, तोंड साफ करतेय हं. ट्यूब चावू नका.” काका औषधाच्या गुंगीत होते. तरीही प्रत्येक वेळी सांगूनच हात लावायचा, ही त्या विभागाची रीत मला फार आवडली.

श्वासनलिकेत उतरवलेल्या ट्यूबच्या खालच्या टोकाशी एक छोटा फुगा असतो. तो फुगवला की ट्यूब नीट बसते आणि वरची लाळ खाली जायला अटकाव होतो. त्याचा दाब २० ते ३० सेंटिमीटर पाण्याइतका ठेवतात. कमी पडला तर लाळ झिरपते, जास्त झाला तर श्वासनलिकेच्या अस्तराला रक्त मिळत नाही. सिस्टरांनी दाबमापक लावून आकडा पाहिला, लिहून घेतला. मग फुग्याच्या वर साचलेलं सक्शनने ओढलं. नळीतून पिवळसर, तार धरणारा स्राव सरकत गेला. चार तासांपूर्वीच साफ केलेलं होतं हे!

इथेच सगळ्या दुखण्याचं मूळ आहे. ट्यूबमुळे घशाचं दार उघडं राहतं, खोकला येत नाही, गिळता येत नाही, लाळ आटते. निरोगी तोंडात जे निरुपद्रवी जंतू नांदत असतात ते थोड्याच दिवसांत मागे पडतात आणि त्यांच्या जागी क्लेबसिएला, स्यूडोमोनास, ॲसिनेटोबॅक्टर येतात. दातांवरच्या किटणात ते घर करतात. फुगा कितीही नीट बसवला तरी त्याच्या बारीक सुरकुत्यांमधून थेंब थेंब खाली उतरतोच. ट्यूब घातल्यानंतर ४८ तास उलटून गेल्यावर होणाऱ्या न्यूमोनियाला व्हेंटिलेटरचं नाव जोडलेलं असलं, तरी त्यातले बरेचसे जंतू रुग्णाच्या स्वतःच्या तोंडातून आलेले असतात. आपल्याकडच्या आयसीयूत तर यांतल्या अनेक जंतूंना नेहमीची प्रतिजैविकं लागू पडत नाहीत.

म्हणूनच वाईट जंतूंना मारत बसण्यापेक्षा चांगल्यांना आधी बसवून घ्यावं, हा प्रोबायोटिकचा विचार मोहक वाटला तर नवल नाही. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी, तसं लॅक्टोबॅसिलससारख्या चांगल्या जंतूने अस्तरावरची जागा धरायची, वर लॅक्टिक आम्ल तयार करून शेजाऱ्याला नकोसं करायचं. स्वीडनमधल्या लुंड इथे बेंग्ट क्लारिन आणि सहकाऱ्यांनी हे थेट तोंडातच करून पाहिलं. एका गटाचं तोंड जंतुनाशक क्लोरहेक्सिडिनने पुसलं, दुसऱ्याच्या तोंडात लॅक्टोबॅसिलस प्लांटारम २९९ लावला. आंबवलेल्या भाज्यांत सापडतो त्याच जातीचा हा जंतू. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत ५० रुग्ण होते. जंतू क्लोरहेक्सिडिनच्या तोडीस तोड ठरला, सरस ठरला नाही. पुढे १५० रुग्णांवर केलेल्या, २०१८ च्या चाचणीतही तेच.

दुसरा रस्ता पोटातून जाणारा. अमेरिकेत ओमाहा इथे लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी हा जंतू १४६ रुग्णांच्या चाचणीत पोटात आणि सोबत तोंडातही दिला, आणि न्यूमोनियाचं प्रमाण ४० टक्क्यांवरून १९ टक्क्यांवर आल्याचं २०१० साली जाहीर झालं. एवढा मोठा फरक वाचून कुणाचीही आशा वाढेल. पण २०२१ साली कॅनडा, अमेरिका आणि सौदी अरेबियातल्या ४४ आयसीयूंमध्ये झालेल्या ‘प्रॉस्पेक्ट’ चाचणीचे निष्कर्ष आले. २,६५३ रुग्ण, रोज दोनदा एक हजार कोटी जंतूंची मात्रा. न्यूमोनिया जंतू दिलेल्यांत २१.९ टक्के, न दिलेल्यांत २१.३ टक्के. मला तरी यानंतर वाद उरला आहे असं वाटत नाही.

शिवाय दिलेला जंतू ठरल्या जागी राहतोच असं नाही. प्रॉस्पेक्टमध्ये जंतू दिलेल्यांपैकी १५ जणांत तो रक्तासारख्या, जिथे एकही जंतू असायला नको अशा जागी, किंवा इतरत्र एकमेव वा मुख्य जंतू म्हणून सापडला. दुसऱ्या गटात असा एकच रुग्ण. बॉस्टनच्या एका बालरुग्णालयाच्या आयसीयूत ५२२ मुलांना हा जंतू दिला होता, त्यांतल्या सहा जणांच्या रक्तात तो गेला. रक्तातल्या जंतूची जनुकं कॅप्सूलमधल्या जंतूशी जुळली, हे २०१९ साली छापून आलं. कॅप्सूल पलंगाशीच फोडायची, पूड पाण्यात कालवून नाकातून पोटात जाणाऱ्या राइल्स ट्यूबमधून सोडायची, आणि त्याच हातांनी मानेतली सलाईनची लाइन हाताळायची. मी ते दृश्य पाहिलं आहे. पूड किती हलकी असते आणि कुठे कुठे बसते, हे पाहणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही.

काकांकडे परत येते. लहान मुलांचा मऊ ब्रश होता. दुसऱ्या सिस्टरने ट्यूब ओठांशी दोन बोटांत घट्ट धरली. ट्यूबवरचा, ओठांशी येणारा २२ चा आकडा जागचा हलला तर ट्यूब हलली. पहिलीने दाढांच्या आतल्या बाजूपासून घासायला घेतलं, डाव्या हातात सक्शन सुरूच. मग हिरड्या, मग जीभ. शेवटी ट्यूब ओठांच्या दुसऱ्या कोपऱ्यात घेतली, कारण आधीच्या कोपऱ्यावर लाल वळ उठला होता. नवी पट्टी बांधली. आकडा पुन्हा २२.

घासण्याच्या बाजूने मात्र पुरावा आहे. १५ चाचण्या एकत्र करून केलेलं विश्लेषण २०२३ च्या अखेरीस प्रसिद्ध झालं. रोज दात घासलेल्या रुग्णांत न्यूमोनिया कमी आढळला, मुख्यतः व्हेंटिलेटरवरच्यांत. दिवसातून दोनदा पुरतं. तीनदा घासून अधिक काही पदरात पडलं नाही. अमेरिकेतल्या संसर्गतज्ज्ञांच्या २०२२ च्या सूचनांतही ब्रश आवश्यक कामांत आहे.

या कामाला दोन माणसं लागतात, आणि रात्रपाळीला तीच नसतात. “एकटीने करायचं म्हणजे ट्यूब निघण्याची भीती, मग नुसतं पुसून घेतो,” सिस्टर म्हणाल्या. बिलात प्रोबायोटिकची ओळ असते, या दुसऱ्या हातांची नसते. आयसीयूबाहेर बसलेल्या नातेवाइकांना म्हणून एवढंच सांगेन: भेटीच्या वेळी डॉक्टरांना प्रोबायोटिक सुरू केलंय का हे विचारू नका. काल रात्री दात घासले होते का, पलंगाचं डोकं वर आहे का, आणि ट्यूब कधी निघू शकेल, हे विचारा.