बियाणे कोणाचे?

पीक हाती आल्यावर शेतकरी सगळेच धान्य विकत नाही. त्यातले टपोरे दाणे तो निवडून बाजूला ठेवतो आणि पुढच्या वर्षी तेच पेरतो. ही रीत फार जुनी आहे. पण याच रीतीमुळे एका शेतकऱ्याला न्यायालयात उभे राहावे लागले. ही हकिकत कॅनडा देशातील आहे.

कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतात ब्रुनो नावाचे गाव आहे. तेथे पर्सी श्माइझर हे शेतकरी राहत. ते कॅनोला पिकवीत. कॅनोला हे मोहरीच्या कुळातले पीक आहे. त्याच्या बियांपासून तेल काढतात. श्माइझर आपल्याच शेतातले बी राखून पेरीत.

त्या काळात मॉन्सॅन्टो या बलाढ्य कंपनीने कॅनोलाचे नवे बियाणे बाजारात आणले. सजीवांचे गुणधर्म त्यांच्या पेशींतील जनुकांमुळे ठरतात, हे तुम्ही विज्ञानात शिकला असालच. कंपनीने कॅनोलात एक नवे जनुक घातले. त्यामुळे 'राउंडअप' हे औषध फवारले की तण मरे, पीक मात्र जगे. या जनुकाचे पेटंट कंपनीकडे होते. पेटंट म्हणजे नवा शोध वापरण्याचा हक्क, जो सरकार ठरावीक वर्षांसाठी फक्त शोधकाला देते. म्हणून हे बियाणे घेणाऱ्याला एकरी १५ डॉलर फी भरावी लागे. शिवाय, पिकातले बी पुन्हा पेरणार नाही, असा करार करावा लागे.

श्माइझर यांनी असा करार केला नव्हता. १९९७ साली त्यांनी शेताच्या कडेला विजेच्या खांबांभोवती राउंडअप फवारले. तेव्हा कॅनोलाची बरीच रोपे जगली. ते बी वाऱ्याने किंवा ट्रकमधून सांडून आले असावे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी त्या शेतातले बी राखले आणि १९९८ मध्ये सुमारे १००० एकरांत पेरले. कंपनीने त्यांच्यावर दावा लावला.

खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २००४ साली निकाल लागला. नऊपैकी पाच न्यायाधीशांनी कंपनीची बाजू उचलून धरली. जनुकाची कल्पना असूनही श्माइझर यांनी ते बी राखले व पेरले, असे त्यांचे मत पडले. उरलेले चार न्यायाधीश म्हणाले, की जनुकावर हक्क मिळाला म्हणून साऱ्या रोपावर हक्क मिळत नाही. मात्र त्या जनुकामुळे श्माइझर यांना जादा नफा झालेला नव्हता. म्हणून त्यांना कंपनीला काहीच द्यावे लागले नाही.

पुढे २००५ मध्ये तशीच रोपे त्यांच्या शेतात पुन्हा उगवली. आता त्यांनीच कंपनीकडे ती काढण्याचा खर्च मागितला. २००८ साली कंपनीने ६६० डॉलर दिले. रक्कम लहान होती, पण या वेळी पैसे कंपनीने भरले!

आपल्या देशात २००१ साली यासंबंधी कायदा झाला. त्यानुसार शेतकरी आपल्या पिकातले बी राखू शकतो, पेरू शकतो, शेजाऱ्याला देऊ किंवा विकूही शकतो. फक्त कंपनीच्या नावाचे पाकीट करून ते विकता येत नाही.

नवे बियाणे तयार करायला पैसा आणि श्रम लागतात. त्यांचे मोल मिळायला हवे. पण वारा शेताचा बांध ओळखत नाही. मग वाऱ्याबरोबर आलेल्या बियाण्यावर हक्क कोणाचा? तुम्ही न्यायाधीश असता तर काय निकाल दिला असता?