धाय मोकलून

मराठी माणूस रडतो तरी किती परींनी! लहान मूल मुळूमुळू रडते, सासरी निघालेली मुलगी हमसून हमसून, निवडणुकीत पडलेला उमेदवार ढसाढसा, आणि आपले रडणे चार लोकांनी ऐकावे असे ज्याला वाटते, तो गळा काढून. या सगळ्यांच्या वरची पायरी 'धाय मोकलून' रडण्याची.

'धाय' म्हणजे मोठा आक्रोश. पण हा शब्द आता एकटा हिंडत नाही. 'शेजारून धाय ऐकू आली' असे कुणी म्हणत नाही. 'मोकलणे' म्हणजे सोडून देणे. 'मोकळा' हे त्याचेच भावंड. 'मोकलून' हे व्याकरणात धातुसाधित अव्यय, आणि येथे दोन्ही शब्द मिळून क्रियाविशेषणाचे काम करतात. टाहो फोडतात, हंबरडाही (तो मुळात वासरासाठी हंबरणाऱ्या गाईचा) फोडतात. धाय मात्र मोकलतात. म्हणजे ती आधी आत कोंडलेली असली पाहिजे. अठरा वर्षे मराठी शिकवूनही हा बारकावा मला परवापर्यंत सुचला नव्हता, हे कबूल करतो.

हल्ली या शब्दप्रयोगाची थट्टाच फार. क्रिकेटचा सामना हरला की मुले 'धाय मोकलून' रडल्याचे एकमेकांना हसत हसत सांगतात. मीही वर्गात तो विनोद केलेला आहे. त्यामुळे एका विद्यार्थिनीच्या निबंधात तो दिसताच मी खाली लाल रेघ ओढली, शेजारी 'गुळगुळीत!' असे लिहिले, आणि मग मागचे-पुढचे नीट वाचले. वडील गेल्यावर तिची आई तेराव्यापर्यंत आल्यागेल्याच्या चहापाण्याचे बघत होती. डोळ्यांत टिपूस नाही. पाहुणे पांगले. दुसऱ्या दिवशी इस्त्रीवाल्याने मागे दिलेल्या कपड्यांतला वडिलांचा शर्ट घडी करून आणून दिला, तेव्हा ती धाय मोकलून रडली.

त्या जागी मी 'ढसाढसा' घालून पाहिले, 'ओक्साबोक्शी' घालून पाहिले. आसवे आली, हुंदके आले; ते तेरा दिवस काही येईनात.

वही परत देताना मी विचारले, "हा शब्द तुला कुठे मिळाला?"

"आजी म्हणते, सर. बदलू का?"

"नको," मी म्हणालो, आणि तिच्यादेखत माझ्या 'गुळगुळीत'वर काट मारली.