फ्रेंच : गुणांपुरती की व्यवहाराकरिता?

अकरावी वाणिज्य शाखेत प्रवेश घेताना मुंबई-पुण्यातील अनेक विद्यार्थी मराठी वा हिंदीऐवजी फ्रेंच निवडतात. कारण बहुधा एकच : गुण भरघोस मिळतात. हिरे व्यापारातील कुटुंबांत आणखी एक कारण ऐकू येते, पुढे अँटवर्पला जायचे आहे. हे कारण मात्र तपासून घ्यावयास हवे. बेल्जियमच्या डच, फ्रेंच व जर्मन या तीन अधिकृत भाषा असल्या, तरी अँटवर्प डचभाषक फ्लँडर्स प्रांतात येते. तेथील सरकारी कागद डचमध्येच निघतो.

फ्रेंचचा उपयोग अन्यत्र आहे. आपल्या काजू कारखान्यांना आफ्रिकेतून काजूबी येते. तिचा मोठा निर्यातदार आयव्हरी कोस्ट, आणि त्या देशाची राजभाषा फ्रेंच आहे.

व्यापाऱ्याची कसोटी लागते ती आकड्यांपाशी. फ्रान्समध्ये सत्तर म्हणजे ‘साठ-दहा’, ऐंशी म्हणजे ‘चार वीस’, तर नव्वद म्हणजे ‘चार वीस दहा’! (एकोणऐंशी आणि एकोणनव्वद यांत अडखळणाऱ्यांनी हसू नये.) बेल्जियममध्ये मात्र सत्तर व नव्वद यांना ‘सेप्तांत’ आणि ‘नोनांत’ असे सुटसुटीत शब्द आहेत. केवळ पाठांतर केलेल्या विद्यार्थ्याला दूरध्वनीवर भाव ऐकताना हे आकडे उमगत नाहीत.

म्हणून महाविद्यालयीन गुणांच्या जोडीला ‘डेल्फ’ परीक्षेचा विचार व्हावा. श्रवण, वाचन, लेखन व संभाषण यांस प्रत्येकी २५ गुण. उत्तीर्ण होण्यास एकूण ५० हवेत आणि एकाही अंगात ५ पेक्षा कमी चालत नाहीत. मुंबई व पुणे येथील आलियाँस फ्रांसेझच्या केंद्रांत ही परीक्षा देता येते.