कोणाच्या तोंडून, कोणाविषयी

मृग लागायच्या आधी यवतमाळ जिल्ह्यात एकच चौकशी चाललेली असते: औंदा सरकी कोणती लावता, भाऊ? कृषी केंद्रात पाकिटांची चळत असते, भिंतीवर बोंडांनी लगडलेल्या पऱ्हाटीची पोस्टरं असतात. पण पांढरकवड्याचा किंवा घाटंजीचा कास्तकार पोस्टर बघून पैसे मोजत नाही. मागच्या साली कोणाच्या वावरात एकरी किती कापूस निघाला, ती जमीन भारी होती की हलकी, ओलित होतं की कोरडवाहू, हे विचारून मग तो ठरवतो. सल्ला देणाऱ्याचं वावर त्याने डोळ्यांनी पाहिलेलं असतं. सल्ला फसलाच, तर पुढच्या बाजाराच्या दिवशी त्याला गाठून चार शब्द सुनावताही येतात.

तोंडी शिफारशीची ताकद समाजशास्त्राने ओळखली तीही शेतातच. ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या दोघांनी अमेरिकेतल्या आयोवा राज्यात 259 शेतकऱ्यांकडे चौकशी केली आणि संकरित मक्याचं बियाणं कसं पसरलं, ते 1943 मध्ये मांडलं. बियाण्याची पहिली खबर बहुतेकांना विक्रेत्याकडून मिळाली होती, पेरायचं मात्र त्यांनी शेजाऱ्याकडे बघून ठरवलं. ग्लेन स्टोन या मानववंशशास्त्रज्ञाने 2007 मध्ये तेलंगणातल्या वरंगलच्या कापूस पट्ट्याविषयी लिहिलं, ते याच्या पुढचं आणि जरा अस्वस्थ करणारं आहे. बाजारात दरवर्षी इतकी नवी नावं येत होती की कोणतं वाण चांगलं, हे स्वतःच्या शेतात पारखून बघायला शेतकऱ्याला उसंतच मिळेना. मग गावच्या गाव एकाच वाणाच्या मागे धावायचं आणि साल-दोन साल गेली की तेच वाण टाकून द्यायचं. शेजाऱ्याकडे बघणं चालूच होतं, फक्त शेजाऱ्यालाही काही ठाऊक नव्हतं.

यवतमाळातली गोष्ट वेगळी नाही, आणि आता तिच्यात मोबाईल आला आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर बोंडांनी वाकलेल्या झाडाचा व्हिडिओ येतो. वावर कोणत्या जिल्ह्यातलं, बोलणारा शेतकरी की दुकानदाराचा माणूस, चित्रण याच सालचं की तीन साल जुनं, यातलं काहीच सोबत येत नाही. ‘चोर बीटी’चा व्यवहार तर सगळा कानोकानीच चालतो. तणनाशक सहन करणाऱ्या या कापसाला सरकारी परवानगी नाही, त्यामुळे पक्की पावती नाही आणि तक्रारीला जागाही नाही. 10 जून 2019 ला अकोट तालुक्यातल्या अकोली जहागीर इथे शेतकरी संघटनेने हे बियाणं उघडपणे लावून सत्याग्रह केला. तिथे निदान लावणारे लोक समोर उभे होते. ग्रुपवर येणाऱ्या शिफारशीच्या मागे कोण उभं आहे, हे शोधून सापडत नाही.

ग्रुपमध्ये पिकाविषयी प्रश्न विचारणारा मात्र पुरता सापडतो. त्याचा नंबर सगळ्यांसमोर असतो, पिकावर कोणता रोग पडला आहे ते फोटोसकट असतं, आणि चार ओळी गप्पा झाल्या की पेरा किती एकराचा तेही कळतं. अशी माहिती जमवायला एके काळी कंपनीचा माणूस मोटरसायकलवर गावोगाव हिंडायचा.

सोशल मीडियाने केलेला मुख्य बदल मला हा वाटतो. पूर्वी सांगणारा माहीत असायचा. आता तो ‘फॉरवर्डेड’ एवढ्या शिक्क्याआड जातो, आणि ज्याच्याविषयी सांगितलं जातं तो माणूस नावगाव, चेहरा, नंबर यांसकट उघड्यावर येतो. खाजगीपणा गेला ही एक तक्रार आणि अफवा वाढल्या ही दुसरी, अशा दोन वेगळ्या तक्रारी आपण करतो. माझ्या मते ती एकच आहे.

2017 चा पावसाळा आठवा. त्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना यवतमाळ जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यात पोचले. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली, अंगावर संरक्षक कपडे नाहीत, आणि पंपात दोन-तीन औषधं एकत्र केलेली. अमुक औषधात तमुक मिसळा, हा सल्ला लेखी कुठे नव्हता. तोंडातोंडीच तो वावरापर्यंत आला होता. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातले फोटो मग मोबाईलवर फिरू लागले: डोळ्यांवर पट्ट्या, खाटेला बांधलेले हात. त्या फोटोंमुळे ओरड झाली, सरकारला विशेष तपास पथक नेमावं लागलं. ते फोटो निघायलाच नको होते असं मी म्हणणार नाही. पण बेशुद्ध माणसाला त्याची परवानगी कोणी विचारणं शक्य नव्हतं, आणि मिश्रणाचा सल्ला देणाऱ्याचा फोटो कुठेच आला नाही.

गावात खाजगीपणा होताच कुठे, असं कोणी म्हणेल. म्हणणं खरं आहे. कोणाच्या घरी काय शिजलं, कोणाची लेक माहेरी येऊन का बसली, कोणाचं सोसायटीचं कर्ज थकलं, हे पारावर सगळ्यांना ठाऊक असायचं. पण बातमी गावाच्या शिवेपर्यंत जाऊन मंदावायची. दोन पावसाळ्यांत लोक विसरायचे, निदान विसरल्यासारखं करायचे. स्क्रीनशॉट तसं करत नाही.

या प्रकाराचं सर्वांत भयंकर टोक महाराष्ट्राने 1 जुलै 2018 ला पाहिलं. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात त्या रविवारी आठवडी बाजार होता. मंगळवेढ्याकडून आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारलं. मुलं पळवणाऱ्यांची अफवा त्या दिवसांत देशभर फोनवरून फिरत होती. पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव फिरून भिक्षा मागणाऱ्या या लोकांना ओळख सांगायची असते ती समोरासमोर, पण ते बोलायच्या आत फोनने त्यांची ओळख सांगून टाकलेली होती. मारहाणीचे व्हिडिओही पुढे तसेच फिरले. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी निरोप पुढे पाठवण्याची मर्यादा आणायचं जाहीर केलं. एप्रिल 2020 मध्ये खूप फिरलेल्या निरोपांसाठी ती एकावर आली.

उलटं उदाहरणही यवतमाळनेच दाखवलं. जानेवारी 2019 मध्ये इथे 92 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. उद्घाटक म्हणून बोलावलेल्या नयनतारा सहगल यांचं निमंत्रण ऐनवेळी मागे घेतलं गेलं. मांडवात न झालेलं त्यांचं भाषण मराठीत भाषांतरित होऊन मोबाईलवर फिरलं, आणि मांडवात जितक्यांनी ऐकलं असतं त्याहून बहुधा जास्त लोकांनी ते वाचलं. त्यावर लेखिकेचं नाव होतं, म्हणून सहमत व्हायला आणि भांडायलाही समोर कोणीतरी होतं.

कायद्याकडे वळावं तर तो कामाला येतो, पण अर्ध्या वाटेपर्यंत. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी 24 ऑगस्ट 2017 ला एकमताने सांगितलं. 2023 चा वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षणाचा कायदा कंपन्यांना जाब विचारतो; मात्र एखाद्याने घरगुती किंवा व्यक्तिगत कामासाठी हाताळलेल्या माहितीला तो लागू नाही, आणि माणसाने स्वतःच जगजाहीर केलेल्या माहितीलाही नाही. म्हणजे तुमच्या आत्येभावाने कौतुकाने पुढे ढकललेला तुमचा फोटो बहुतेक वेळा या कायद्याच्या बाहेरच राहणार. ग्रुपच्या अ‍ॅडमिनला धरावं, तर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये गोंदियाच्या एका प्रकरणात स्पष्ट केलं आहे की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही. मला हा निकाल योग्य वाटतो. नाहीतर गावातला एकही ग्रुप उरला नसता, आणि पाऊस कुठवर आला हे कळायचं बंद झालं असतं.

रोजच्या जगण्यात हा प्रश्न सर्वांत जास्त येतो तो सोयरिकीत, आणि त्याविषयी फारसं कोणी बोलत नाही. पूर्वी मुलीचा कागद मामाच्या किंवा एखाद्या जाणत्या पाहुण्याच्या खिशातून फिरायचा. समोरचं घर कसं, मुलगा पितो का, सात एकर सांगतात ते खरंच सात आहे का, हे पाहूनच तो कागद खिशातून बाहेर काढायचा. आता समाजाच्या ग्रुपवर बायोडाटा पडतो: जन्मवेळ, उंची, पगार, मामाकुळ, घराचा पत्ता, फोटो आणि बरेचदा थेट मुलीचा मोबाईल नंबर. शेकडो अनोळखी फोनमध्ये तो उतरतो आणि लग्न होऊन दोन लेकरं झाली तरी कुठेतरी फिरतच असतो. नको असलेले फोन येतात ते मुलीला. ग्रुपवर टाकणाऱ्या काकांना काही कळत नाही.

बायोडाटा टाकायचाच असेल, तर दोन-तीन गोष्टी आजच करता येतात. जन्मवेळ आणि घराचा पत्ता गाळावा; ते बोलणी पुढे गेल्यावर विचारणाऱ्याला देता येतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये ‘ग्रुप्स’ या ठिकाणी ‘माय कॉन्टॅक्ट्स’ निवडलं, की अनोळखी माणसाला तुम्हाला परस्पर ग्रुपात ओढता येत नाही. आणि कागदाच्या तळाशी मुलीचा नंबर न देता मामाचा द्यावा.