अक्षता पडल्या की चित्र का फुटतं?

लग्नाची डीव्हीडी लावा आणि मंगलाष्टकांपर्यंत पुढे न्या. अंतरपाट धरलेला आहे तोवर चित्र स्वच्छ. शालूची जर दिसते, मामांच्या फेट्याच्या घड्या दिसतात. मग ‘शुभमंगल सावधान’ होतं, चारी बाजूंनी अक्षता उडतात, फोटोग्राफरांचे फ्लॅश एकदम चमकतात आणि पडद्यावर चौकोनच चौकोन. ‘पिक्सल फुटतात’ असं आपण म्हणतो ते हेच. अक्षता खाली पडल्या की चित्र पुन्हा जागेवर.

मूळ डिस्कवरच चौकोन असतील तर ते पूर्णपणे घालवता येत नाहीत. पण दोन डिस्कची एक करताना, सिनेमाची डीव्हीडी कोऱ्या डिस्कवर उतरवताना किंवा पेनड्राइव्हसाठी फाइल लहान करताना बहुतेक जण त्यात भर घालतात. ती भर टाळता येते. त्यासाठी आत काय चालतं ते थोडं समजून घ्यावं लागेल.

आपल्याकडच्या पॅल पद्धतीच्या डीव्हीडीवर चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं असतं आणि सेकंदाला अशी २५ चित्रं. काहीही न आवळता ती साठवायची म्हटलं तर सेकंदाला साधारण १२ कोटी ४४ लाख बिट लागतील. डीव्हीडीच्या नियमाप्रमाणे चित्राला जास्तीत जास्त मिळतात ९८ लाख, आणि प्रत्यक्षात बऱ्याचदा ५०-६० लाखच. म्हणजे वीस-पंचवीस भागांतला एक भाग ठेवायचा आणि बाकीचा टाकायचा, तोही बघणाऱ्याला कळू न देता. हे जमतं ते ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’ या गणितामुळे. त्याचे जनक नासिर अहमद मूळचे बेंगळुरूचे. १९७४ साली टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांनी ते प्रसिद्ध केलं. फोनमधला जेपीजी फोटो, व्हीसीडी, डीव्हीडी, सगळ्यांच्या मुळाशी हेच गणित आहे. घराघरांत पोचलेल्या या कामामागचं नाव आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही, याचं नवल वाटतं.

या पद्धतीत चित्राचे ८ बाय ८ ठिपक्यांचे चौकोन पाडले जातात. डीव्हीडीच्या एका चित्रात असे ६,४८० चौकोन बसतात. प्रत्येक चौकोनाचं वर्णन ६४ आकड्यांत होतं. पहिला आकडा चौकोनाचा सरासरी उजेड सांगतो, पुढचे आकडे बारीक होत जाणारा तपशील. जागा वाचवायची तर या आकड्यांचं पूर्णांकन करायचं, म्हणजे किराणा दुकानदार वरचे पैसे सोडून देतो तसं. पैसे सोडले तर कुणाला कळत नाही. रुपये सोडले तरी चालून जातं. पण बिटांची फारच ओढाताण झाली की दहा-दहा रुपयांचं पूर्णांकन सुरू होतं आणि बारीक तपशिलाचे आकडे सरळ शून्य होतात. उरतो सरासरी उजेड, म्हणजे एका रंगाची सपाट फरशी. शेजारच्या चौकोनाचा हिशेब वेगळा झालेला असल्यामुळे दोघांच्या कडा जुळत नाहीत. डोळ्याला दिसतो तो हा सांधा.

मग अक्षतांच्याच वेळी का? कारण प्रत्येक चित्र नव्याने लिहिलं जात नाही. अर्ध्या सेकंदातून साधारण एकदा एक पूर्ण चित्र येतं. मधल्या चित्रांत फक्त बदल नोंदतात: हा तुकडा मागच्या चित्रातून उचला आणि इतका सरकवा. भटजी जागेवर उभे असतील तर हे फारच स्वस्तात होतं. पण अक्षतेचा प्रत्येक दाणा आपल्या वाटेने जातो आणि फ्लॅशने सगळ्या मांडवाचा उजेड क्षणात बदलतो. मागच्या चित्रातून उचलण्याजोगं काही उरत नाही. सगळं नव्याने लिहायचं, बिट मात्र तेवढेच. गुलाल, पाऊस, धबधबा, धूर, वरातीतले डिस्को दिवे, सगळ्यांची हीच तऱ्हा. अंधाराची गोष्ट थोडी निराळी आहे. तिथे हालचाल नसली तरी काळ्यापासून करड्यापर्यंतच्या हलक्या छटा पूर्णांकनात गळतात, आणि टीव्हीचा ब्राइटनेस चढवलेला असला की भिंतीवर फरशा उमटतात.

आता प्रती काढण्याकडे येऊ. दुकानातल्या सिनेमाच्या डीव्हीडीत बहुधा दोन थर असतात, क्षमता ८.५ जीबी. बाजारातली कोरी डिस्क एका थराची, ४.७ जीबी. तीन तासांचा हिंदी सिनेमा मूळ डिस्कवर सेकंदाला सरासरी ६३ लाख बिट घेऊ शकतो. कोऱ्या डिस्कवर तोच बसवायचा तर आवाज धरून ३५ लाखांच्या आत यावं लागतं. २००४ च्या आसपास यासाठी ‘डीव्हीडी श्रिंक’ हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर घरोघरी पोचलं होतं. अर्ध्या-पाऊण तासात काम होई, कारण ते चित्र नव्याने घडवतच नसे. आधीच पूर्णांकन झालेल्या आकड्यांचं पुन्हा एकदा, अधिक ढोबळ पूर्णांकन करी. एका चित्रातली चूक पुढच्यात जाई, तिथून आणखी पुढे, आणि नवं पूर्ण चित्र आलं की सगळं एकदम स्वच्छ. म्हणून अशा प्रतीत भिंती आणि आभाळ सेकंदाला दोनदा श्वास घेतल्यासारखे दिसतात. माझ्या मते मूळ आकाराच्या ८० टक्क्यांपर्यंत ही पद्धत चालते. त्याखाली नेऊच नये.

पण चित्राला हात लावण्याआधी बाकीचं सामान बाहेर काढता येतं, आणि इथेच बहुतेक जण घाई करतात. डीटीएस आवाजाचा एक ट्रॅक सेकंदाला ७ लाख ६८ हजार बिट खातो. तीन तासांत त्याचा एक जीबीहून जास्त होतो, म्हणजे कोऱ्या डिस्कचा पाचवा हिस्सा. ज्याच्या घरी टीव्हीचेच स्पीकर आहेत त्याला तो काय कामाचा? डॉल्बीचा ट्रॅक ठेवा, डीटीएस काढा. ट्रेलर, जाहिराती, कलाकारांच्या मुलाखती काढा. एवढं करून अनेकदा चित्राला धक्काही न लावता भागतं. नाहीच भागलं तर मध्यंतराला तोडून दोन डिस्क करा. आपल्या सिनेमात मध्यंतर असतंच, त्याचा उपयोग करून घ्यावा.

हे सगळं कोऱ्या डिस्कचा हट्ट असेल तर. आज तो हट्ट कशासाठी, हे मला कळत नाही. एक टीबीच्या हार्डडिस्कवर ४.७ जीबीच्या दोनशेहून जास्त डिस्क काहीही न आवळता मावतात. लग्न, मुंज, आजोबांची पंचाहत्तरी असलं घरचं चित्रण असेल तर डिस्कची जशीच्या तशी प्रत, म्हणजे आयएसओ फाइल, आधी काढून ठेवा. चौकोन टाळण्याचा याहून खात्रीचा उपाय नाही. जुन्या सिनेमांच्या आणि नाटकांच्या व्हीसीडींना तर आवळण्याचा प्रश्नच येऊ नये. तिथे मुळातच ३५२ बाय २८८ ठिपके आणि सेकंदाला साडेअकरा लाख बिट. त्यातून आणखी काय काढणार? फाइल आहे तशी उतरवून घ्या.

फोनवर किंवा पेनड्राइव्हवर बघायला लहान फाइल हवी असेल तर ती या पूर्ण प्रतीवरून करा, एकदाच. आवळलेल्यावरून पुन्हा आवळू नका. ‘हँडब्रेक’ हे फुकट सॉफ्टवेअर पुरेसं आहे. त्यात एच.२६४ निवडा. २००३ साली आलेल्या या पद्धतीत चौकोनांच्या कडा मऊ करण्याची सोय मुळातच आहे. म्हणून बिट कमी पडले तर फरशांऐवजी चेहरे थोडे मेणासारखे गुळगुळीत होतात. फाइल किती एमबीची हवी ते सांगू नका, दर्जा सांगा. आरएफ नावाची पट्टी असते, आकडा लहान तितका दर्जा चांगला. डीव्हीडीच्या चित्राला १८ ते २२ ठीक. लग्नाला मी १८ ठेवतो, सिनेमाला २०. मग अक्षतांना लागतील तेवढे बिट मिळतात आणि जेवणाच्या पंगतीत ते वाचतात. आकाराचं बंधन खरोखरच असेल तर दोन फेऱ्यांची पद्धत घ्या. पहिल्या फेरीत सॉफ्टवेअर कुठे किती लागेल ते पाहून ठेवतं. वेग ‘स्लो’ ठेवा, रात्री लावून झोपा.

एक गोष्ट हमखास विसरली जाते. व्हिडिओ कॅमेऱ्याने केलेलं जुनं चित्रण बहुधा इंटरलेस्ड असतं, सम आणि विषम रेषा वेगवेगळ्या क्षणी टिपलेल्या. हात हलला की कडेला फणीचे दात दिसतात. ते तसेच ठेवून आवळलं तर सॉफ्टवेअर त्या दातांना तपशील समजून त्यांच्यावर बिट उधळतं आणि चेहऱ्याच्या वाट्याला कमी येतात. म्हणून लग्नाच्या चित्रणाला डीइंटरलेस फिल्टर लावा. सिनेमाच्या डिस्कला त्याची गरज बहुधा नसते. कमी उजेडातल्या चित्रणात खसखशीसारखे ठिपके वळवळत असतील तर नॉइज कमी करणारा फिल्टर, पण सौम्यच. शार्पनेस मात्र वाढवू नका, जुने चौकोन आणखी उठून दिसतात.

सगळेच चौकोन आवळण्यामुळे येत नाहीत, हेही ध्यानात ठेवा. मोठाले तुकडे एकदम विस्कटले, हिरवे पट्टे आले, आवाज अडखळला, चित्र थिजलं तर ती डिस्क वाचता न येण्याची लक्षणं आहेत. ओरखडा असेल, नाहीतर घरी लिहिलेल्या डिस्कमधला रंगाचा थर ऊन आणि दमटपणाने खराब होत असेल. अशी डिस्क मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल नाही, आणि दुसऱ्या ड्राइव्हमध्ये लावून बघा. एका ड्राइव्हला न वाचलेली डिस्क दुसरा कधीकधी सहज वाचतो.

विकतच्या सिनेमांच्या डिस्कवर कुलूप असतं. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात आलेल्या ६५ अ कलमानुसार हक्कभंगाच्या हेतूने ते तोडणं गुन्हा आहे. घरच्या कार्याच्या चित्रणाला ही अडचण नाही.

नव्या लॅपटॉपमध्ये डीव्हीडी ड्राइव्ह येत नाही. यूएसबीने जोडायचा ड्राइव्ह अजून विकत मिळतो, आणि सोसायटीत एकाकडे असला तरी सगळ्यांचं काम भागतं. दिवाळीच्या साफसफाईत जुना कॉम्प्युटर भंगारात काढणार असाल तर थोडं थांबा. आधी कपाटातल्या डिस्क त्यावर उतरवून घ्या.