खार्दुंग ला परवडला, मे महिना नको

गाडीने लडाखला निघालेल्यांना एक शंका हमखास छळते: सोबतच्या बिअरच्या, सोड्याच्या बाटल्या वर घाटात फुटणार तर नाहीत? शंका रास्त आहे. चढावर वेफर्सची पाकिटं टम्म फुगतात, कानांना दडे बसतात. मग वायू कोंबलेल्या काचेच्या बाटलीचं काय होत असेल? याचं उत्तर मला बल्लारपुरात, भर मे महिन्यात, गोटी सोड्याच्या गाडीवर सापडतं.

ती बाटली हातात घेऊन नीट पाहा. गळ्याशी आवळलेली काच, तोंडात रबराची चकती आणि तिला आतून चिकटून बसलेली गोटी. बूच नाही, चाप नाही. गोटीला वर दाबून धरलंय ते फक्त आतल्या वायूने! इंग्लंडच्या हायरम कॉडने 1870 च्या दशकात पेटंट घेतलेली ही रचना. वायू जितका जोर करेल तितकी गोटी अधिक घट्ट बसते. बिअरच्या बाटलीचं गणित उलटं. तिच्या तोंडावर 21 दात्यांचं पत्र्याचं बूच असतं (बाल्टिमोरच्या विल्यम पेंटरचं, 1892 चं), आणि आतला वायू तेच बूच वर ढकलत असतो.

किती जोराने? समुद्रसपाटीवर हवेचा जो दाब असतो, त्याला एक म्हणू. फ्रिजमधल्या बिअरच्या बाटलीत बाहेरपेक्षा साधारण पाऊणपट दाब जास्त असतो. बाटली वीस अंशांवर आली की हा फरक पावणेदोनाच्या पुढे जातो. पंचेचाळीस अंशांवर तो चारच्या घरात पोचतो, आणि उन्हात काचा लावून उभ्या केलेल्या गाडीत पाचही ओलांडू शकतो. मला खरी गंमत वाटते ती पुढे. वीस ते पंचेचाळीस अंशांच्या तापमानवाढीत नुसता वायू प्रसरण पावला असता, तर एकूण दाब जेमतेम आठ-नऊ टक्क्यांनी वाढला असता. मग ही दुपटीची उडी येते कुठून? द्रवातून. पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड गारव्यात मुकाट राहतो आणि पाणी तापलं की बाहेर पडू लागतो. वायू द्रवात किती विरघळेल हे त्याच्या दाबावर ठरतं, हा नियम विल्यम हेन्रीने 1803 मध्ये मांडला. तो रोज आपल्या डोळ्यांसमोर, बंद बाटलीत चालू असतो.

आता उंचीचा हिशेब. बल्लारपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे मीटरवर. लेह साडेतीन हजार मीटरवर. तिथे हवेचा दाब आपल्या दोन-तृतीयांश. खार्दुंग ला ही खिंड 5,359 मीटरवर, तिथे तो निम्म्यावर येतो. म्हणजे बल्लारपूरहून थेट खिंडीत गेलात तरी बाहेरचा आधार कमी होतो तो अर्ध्याहूनही थोडा कमीच. बाटलीचं तोंड सुमारे दोन चौरस सेंटिमीटरचं, तेव्हा उंचीमुळे बुचावर जास्तीचा रेटा येतो तो किलोभराचाही नाही. बल्लारपूरच्या उन्हात मात्र त्याच बुचाला आठेक किलोचा रेटा सोसावा लागतो. शिवाय वर थंडी असते, त्यामुळे खिंडीतल्या बाटलीवरचा एकूण ताण आपल्याकडच्या मे महिन्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर येतो. पाकीट फुगतं कारण त्याला फुगायला जागा आहे. काचेला ती नाही आणि गरजही नाही.

तेव्हा जपायचं ते सपाटीवर. टपावरच्या कॅरिअरवर किंवा उन्हात उभ्या गाडीत बाटल्या ठेवू नयेत. थर्माकोलचा डबा घ्यावा, बाटल्या उभ्या ठेवाव्यात, मधे पुठ्ठ्याचे कप्पे करावेत. काचेला काच लागता कामा नये, आणि याला कारण आहे. पुन्हा पुन्हा भरल्या जाणाऱ्या बाटल्यांच्या खांद्यावर आणि बुडाशी पांढुरके, खरबरीत पट्टे दिसतात; एकमेकींवर घासून पडलेले. ए. ए. ग्रिफिथने 1921 मध्ये दाखवून दिलं की काच तुटते ती अशाच बारीक ओरखड्यांपासून; सगळा ताण त्या चिरेच्या टोकाशी गोळा होतो. धड बाटली उन्हाचा दाब सहज पेलते, घासलेली दगा देऊ शकते. म्हणून न्यायची तर पट्टे नसलेली निवडावी.

विमानाने जाणाऱ्यांना दाबाची धास्ती नको. केबिनमधली हवा साधारण 2,400 मीटर उंचीवर असते तितपतच विरळ होऊ देतात, आणि खालच्या सामानाच्या कप्प्यातही दाब राखलेला असतो.

कायद्याचा मुद्दा त्याहून महत्त्वाचा. बल्लारपूर ज्यात येतं त्या चंद्रपूर जिल्ह्यातली दारूबंदी 2015 ला आली आणि 2021 ला उठली, पण गडचिरोलीत ती 1993 पासून आहे. नागपूरकडे जाणारा आपला रस्ता वर्धा जिल्ह्यातून जातो, आणि तिथेही दारूबंदी आहे. त्यामुळे बल्लारपूरहून निघताना सोबत सोडाच घ्यावा. भौतिकशास्त्र दोन्हींना सारखंच लागू आहे. लेहला पोचल्यावर पहिले दोन-तीन दिवस बिअर टाळावी, शरीर विरळ हवेला रुळेपर्यंत.

वर पोचल्यावर खरा शत्रू रात्रीचा गारठा. साधी बिअर उणे दोन-तीन अंशांना गोठू लागते. पाण्याचा बर्फ होताना आकारमान नऊ टक्क्यांनी वाढतं आणि बुचाखालची मोकळी जागा त्याला पुरत नाही. वायू दाबला जातो, बर्फ दाबला जात नाही. त्यामुळे उन्हाला पुरून उरलेली बाटली एका रात्रीत तडकते. ती गाडीत ठेवू नका, खोलीत घ्या.

उघडताना मात्र उंची आपला हिसका दाखवते. बाहेरचा दाब कमी असल्याने बुडबुडे लवकर आणि मोठे फुगतात, फेस उसळतो. घाटात हिंदकळलेल्या बाटलीत दाब वाढलेला असतो असं आपण समजतो, पण बंद बाटलीत हलवण्याने दाब जवळपास तेवढाच राहतो. हिंदकळण्याने द्रवात बारीक बारीक बुडबुडे विखुरतात, आणि बूच निघताच विरघळलेला वायू त्यांच्यावर धाव घेतो. बाटली काही तास गार जागी उभी ठेवली की ते वर येऊन फुटून जातात. मग बूच एका कडेने किंचित उचलायचं, फुसफुस थांबू द्यायची, आणि पुरतं काढायचं.